सुलभ घसारा (सातारा-सांगली आवृत्ती)

साहित्य

वार्षिक अहवाल एक, शिसपेन्सिल एक, चष्मा असल्यास चष्मा, आणि लाईट जाणार नाही असा अर्धा तास. कॅल्क्युलेटर ऐच्छिक. ज्यांच्याकडे अहवाल नाही त्यांनी शेजारच्या घरातून आणावा. तिथं तो उघडलेला नसतो, त्यामुळे नवाकोरा मिळेल.

सातारा-सांगलीत अहवालांची टंचाई नाही. रेठऱ्यापासून साखराळ्यापर्यंत, शेंद्र्यापासून कुंडलपर्यंत साखर कारखान्यांची एवढी दाटी आहे की एकाच उंबऱ्यात दोन-दोन कारखान्यांचे सभासद सापडतात. हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं, वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबर सरायच्या आत घ्यावी लागते, म्हणून अहवाल गणपतीच्या आगेमागे घरोघर येतात. कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीचा अहवाल हाती लागला तरी चालेल. फक्त त्यात फोटो कमी असतात.

पहिली पायरी: अहवाल मागून उघडणे

पुढची पानं तुम्हाला पाठच आहेत. चेअरमनसाहेबांचा फोटो, मग संचालक मंडळाचा एकत्रित फोटो (यात आपला पाहुणा कोण ते शोधावं), मग श्रद्धांजलीचं पान, मग उसाचा दर. नव्वद टक्के वाचन इथं संपतं आणि अहवाल रद्दीत जातो. घसारा यातल्या कुठल्याच पानावर नसतो. तो मागे असतो, बारीक टायपात, जिथं कागदही जरा हलका वापरलेला असतो.

तिथं गेलात की एक चमत्कार दिसेल. समजा घसाऱ्याचा आकडा १२ कोटी आहे. नफा-तोटा पत्रकात तो खर्चात बसलेला असेल. ताळेबंदात तो मालमत्तेतून वजा केलेला असेल. आणि दोन पानं पुढं, रोख प्रवाह पत्रकात, तोच आकडा नफ्यात परत मिळवलेला असेल. छपाईची चूक समजून पेन्सिलीनं दुरुस्ती करू नये. तिन्ही ठिकाणी तो बरोबर आहे.

तरी शंका येते, आणि ती सभेतही येते. साधारण अशी:

"सायेब, ह्ये घसाऱ्याचं बारा कोटी कुणाला दिलं?"

"कुणालाच नाही दिले, तात्या. घसारा आहे तो."

"न्हाई दिलं, तर खर्चात का लिवलंय?"

"मशिनरी झिजली."

"बारा कोटीची? मग एवढं लोखंड गेलं कुठं?"

इथं मागून कुणीतरी "मंजूर, मंजूर" म्हणतं आणि तात्या खाली बसतात. वास्तविक तात्यांनी लेखाशास्त्रातला सगळ्यात चांगला प्रश्न विचारलेला असतो. उत्तर असं: पैसे यंदा गेलेच नाहीत. ते यंत्र घेतलं तेव्हाच गेले, एकदम, चेकनं. पण त्या वर्षी ते खर्चात लिहिले असते तर त्या एका वर्षी कारखाना बुडाल्यासारखा दिसला असता आणि पुढची पंधरा वर्षं फुकट यंत्रावर चालल्यासारखा. म्हणून जुना खर्च पुढच्या वर्षांवर वाटून टाकतात. त्या वाटणीतला यंदाचा हिस्सा म्हणजे घसारा. लोखंड जागेवरच आहे, हवं तर जाऊन बघावं.

याच ठिकाणी नवशिक्याला दुसरा समज होतो, की एवढे कोटी घसारा धरला म्हणजे तेवढे पैसे कुठंतरी कपाटात साठले असतील आणि बॉयलर फुटला की ते काढता येतील. असं कपाट नाही. घसारा धरल्यानं फक्त इतकंच होतं, की तेवढी रक्कम 'नफा' म्हणून दिसत नाही आणि म्हणून वाटली जात नाही. ती कारखान्यातच राहते. पण राहिलेली रक्कम कर्ज फेडण्यात गेली, साखरेच्या साठ्यात अडकली की नव्या गेस्ट हाऊसला लागली, हे घसारा सांगत नाही. आमच्याकडे उसाचा दर जाहीर करायच्या दिवसांत घसारा हा सगळ्यात गरीब गडी असतो. ऊस उत्पादकाला आवाज आहे, कामगाराला युनियन आहे, बँकेला वकील आहे. बॉयलर मात्र आपली बाजू मांडायला उभा राहत नाही. तो एकदम जानेवारीत, ऐन गळितात, बोलतो.

दुसरी पायरी: आयुष्य ठरवणे

घरात मूल जन्मलं की पत्रिका करतात; कंपनीत यंत्र आलं की कंपनी कायदा २०१३ चं परिशिष्ट २ उघडतात. पत्रिकेपेक्षा ते सरस आहे, कारण त्यात आयुर्मान थेट वर्षांत छापलेलं आहे. संगणक ३ वर्षं. टेबल-खुर्च्या १०. साधारण यंत्रसामग्री १५. कारखान्याची इमारत ३०. पवनचक्की २२ (हिच्याकडे आपण परत येणार आहोत). पूल ३० वर्षं. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ पासून उभा आहे, त्याला हे कुणी कळवलेलं दिसत नाही. विहीर ५ वर्षं. लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीला तीनशे वर्षं झाली, म्हणजे परिशिष्टाप्रमाणे तिचे साठ जन्म झाले.

आता हिशेब. एका कंपनीनं ऊसतोडणी यंत्र घेतलं, किंमत समजा १ कोटी. अशा वाहनांना परिशिष्टात ८ वर्षं दिली आहेत. शेवटी भंगारात काहीतरी येईल म्हणून ५ टक्के, म्हणजे ५ लाख, बाजूला ठेवायचे. उरले ९५ लाख. सरळ रेषेच्या पद्धतीत त्याला आठानं भागायचं: दरवर्षी ११ लाख ८७ हजार ५००. पहिल्या वर्षीही तेवढेच, आठव्या वर्षीही तेवढेच.

दुसरी पद्धत घटत्या शिल्लकेची. हिच्यात दरवर्षी उरलेल्या किमतीवर ठरावीक टक्के लावायचे. आठ वर्षांत ५ लाखांवर यायचं तर तो दर ३१.२३ टक्के येतो. पहिल्या वर्षी ३१ लाख २३ हजार, दुसऱ्या वर्षी २१ लाख ४८ हजार, तिसऱ्या वर्षी १४ लाख ७७ हजार, आणि असं करत आठव्या वर्षी सव्वादोन लाखांच्या आसपास. एकूण बेरीज दोन्हीकडे ९५ लाखच. यंत्र एक, फड एक, ऑपरेटर एक. पण पहिल्या वर्षीचा नफा पद्धत बदलली की १९ लाखांनी खालीवर होतो. फडात काही घडलेलं नाही, सगळं ऑफिसात घडलेलं आहे.

यंत्र खरोखर किती झिजलं हे या दोन्ही पद्धतींना ठाऊक नसतं. कायद्यानं याची थोडी काळजी घेतली आहे: यंत्र दोन पाळ्यांत चाललं तर त्या काळापुरता घसारा ५० टक्क्यांनी वाढवायचा, तीन पाळ्यांत चाललं तर दुप्पट. कंपनीला परिशिष्टापेक्षा वेगळं आयुष्यही धरता येतं, पण त्याचं तांत्रिक कारण द्यावं लागतं आणि ते टिपांमध्ये उघड करावं लागतं. म्हणून टिपा वाचाव्यात. '१५ ऐवजी २५ वर्षं' अशी एक ओळ टिपेत सापडली, तर त्या वर्षी नफा का फुगला याचं उत्तर शोधायला पुढची चाळीस पानं वाचावी लागत नाहीत.

सहकारी साखर कारखाना कंपनी नव्हे, त्याला १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा लागतो, आणि परिशिष्ट २ त्याच्यासाठी लिहिलेलं नाही. पण भागाकार दोन्हीकडे सारखाच असतो.

पायरी दोन (अ): दुरुस्तीला मालमत्ता म्हणणे

ही पायरी करून बघू नये, फक्त ओळखावी. गळीत संपलं की कारखान्यात ओव्हरहॉलिंग निघतं: रोलरना नवे दात, पंपांना नवी बेअरिंगं, बॉयलरच्या नळ्या. हा दुरुस्तीचा खर्च. पण त्यातला काही भाग 'यंत्राची क्षमता वाढली' असं म्हणून मालमत्तेत ढकलला, की तो आज खर्च न होता पंधरा वर्षांत घसारा होऊन थेंबाथेंबानं उतरतो. कधी हे खरं असतं. कधी चेअरमनना यंदा नफा दाखवायचा असतो. अमेरिकेतल्या वर्ल्डकॉम या टेलिफोन कंपनीनं दुसऱ्यांच्या लाइन वापरण्याचा रोजचा खर्च असाच मालमत्तेत टाकला होता. जून २००२ मध्ये ३८० कोटी डॉलरचा घोळ बाहेर आला, आणि पुढच्याच महिन्यात कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यांच्याकडे रोलर नव्हते, तरी जमलं.

तिसरी पायरी: क्षेत्रभेट

आता चप्पल घाला. पुढचा धडा डोंगरावर आहे. साताऱ्याच्या बोगद्यातून बाहेर पडावं, सज्जनगड एका बाजूला टाकून ठोसेघरच्या रस्त्यानं चाळकेवाडीच्या पठारावर जावं आणि तसंच पुढं पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याकडे. जिकडं बघाल तिकडं पवनचक्क्या. पर्यटक तिथं फोटो काढतात. तुम्ही घसारा बघायला आला आहात, हे विसरू नये.

या इथं का आल्या? गाइड सांगतील, वारा आहे म्हणून. वारा आहेच, पण तो समर्थांच्या काळापासून सुटतोय. चक्क्या मात्र गेल्या शतकाच्या शेवटी, एकदमच, रांगेनं आल्या. कारण त्या काळात प्राप्तिकराच्या नियमांत पवनचक्कीला १०० टक्के घसारा होता. उभी केली, फिरली, की करखात्याच्या दृष्टीनं त्याच वर्षी ती पूर्ण झिजली.

यातली गंमत समजायला एक कंपनी घ्या. तिचा धंदा औषधांचा असेल, कापडाचा असेल, काहीही. स्कूटर बनवणाऱ्या बजाज ऑटोनंही वनकुसवड्यात चक्क्या उभारल्या. समजा कंपनीला यंदा ५ कोटी नफा झाला आणि कराचा दर ३५ टक्के आहे. कर होतो पावणेदोन कोटी. कंपनी ५ कोटींची पवनचक्की घेते. १०० टक्के घसारा, म्हणजे ५ कोटींचा खर्च. करपात्र नफा शून्य. पावणेदोन कोटी वाचले, चक्की उभी राहिली, वीज विकून पैसे येतील ते वेगळे. पुढच्या वर्षी त्या चक्कीवर घसारा धरायला काही उरलेलं नसतं, म्हणून तिच्या उत्पन्नावर कर भरावा लागतो. म्हणजे कर माफ झालेला नसतो, लांबलेला असतो. पण बिनव्याजी लांबणारं देणं कुणाला नको असतं? आणि पुढच्या वर्षी आणखी एक चक्की घेतली, की ते आणखी लांबतं.

नवशिक्यानं इथं एक तारीख पाठ करावी. वस्तू घेतली त्या आर्थिक वर्षात ती १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर प्राप्तिकरात घसारा निम्माच मिळतो. ३१ मार्चपासून मागं मोजत गेलं की १८० दिवस ३ ऑक्टोबरला लागतात. तेव्हा घाई सप्टेंबरअखेर, आणि ते हुकलं तर मार्चअखेर. आता पठारावरच्या वाऱ्याचं वेळापत्रक बघा. तो येतो पावसाबरोबर. जून ते ऑगस्ट त्याचा मोसम. सप्टेंबरअखेर उभी राहिलेली चक्की मोसम सरल्यावर उभी राहते आणि मार्चमध्ये उभी राहिलेली चक्की उन्हात तीन महिने वाट बघते. वाऱ्याचं पंचांग एक आणि कराचं दुसरं. घाई कुणाची होती, ते पातं कधी चढलं त्या तारखेवरून कळतं.

त्याच चक्कीला कंपनीच्या स्वतःच्या पुस्तकात आज आयुष्य २२ वर्षं. म्हणजे एकाच खांबाला दोन वयं. करखात्याच्या वहीत ती जन्मली त्याच वर्षी संपली, आणि भागधारकांच्या वहीत तिचं लग्नाचं वय झालं तरी ती शाबूत आहे. दोन्ही वह्या कायदेशीर, दोन्हींवर सह्या. त्यांच्यातल्या फरकातून पुढं जो कर भरावा लागणार तो ताळेबंदात 'स्थगित कर' या नावानं बसतो. अहवालात ही ओळ दिसली की समजावं, कुठंतरी एखादी वस्तू दोन वेगांनी झिजते आहे.

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. २००२-०३ पासून १०० चे ८० झाले. २००९ च्या डिसेंबरात युनिटमागं ५० पैसे अनुदान सुरू झालं, म्हणजे उभारण्याला नाही, फिरण्याला पैसे. २०१२ मध्ये वेगवान घसारा आणि हे अनुदान दोन्ही थांबलं, आणि देशात वर्षाला सुमारे ३२०० मेगावॉटच्या चक्क्या उभ्या राहत होत्या त्या पुढच्या वर्षी १७०० वर आल्या. वारा मात्र त्या वर्षीही होताच. २०१४ मध्ये ८० टक्के परत आले, एप्रिल २०१७ पासून ४० झाले. माझ्या मते फिरण्याला पैसे देणं हेच बरोबर होतं. पण फिरण्याचे पैसे मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, आणि घसारा मार्चमध्ये मिळतो.

खाली आल्यावर हीच १८० दिवसांची पट्टी साखर कारखान्याला लावून बघा. नवी मिल उन्हाळ्यात बसवली. दसऱ्याच्या सुमारास बॉयलर अग्निप्रदीपन झालं, सत्यनारायण झाला, संचालकांचे सपत्नीक फोटो झाले. पण यातलं काहीच 'वापर' नव्हे. गव्हाणीत मोळी पडून गळीत सुरू होतं ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढं, बहुतेकदा नोव्हेंबरात. म्हणजे साखर कारखान्याचं नवं यंत्र सहसा दुसऱ्या सहामाहीतच जन्मतं आणि पहिल्या वर्षी निम्म्या घसाऱ्यावर समाधान मानतं. यात कारखान्याचा दोष नाही. उसाला साखर भरते थंडीत, आणि कायदा लिहिणाऱ्यांनी बहुधा गिरणीकडे बघून लिहिला.

चौथी पायरी: न दिसणाऱ्या वस्तूंची झीज

ज्या वस्तूला हात लावता येत नाही तिच्या घसाऱ्याला अमॉर्टायझेशन म्हणतात. ते शिकण्यासाठी आनेवाडीच्या टोलनाक्यावर रांगेत उभं राहावं. रांगेत वेळ भरपूर मिळतो.

तुम्ही ज्यावर उभे आहात तो रस्ता टोल घेणाऱ्या कंपनीचा नसतो. रस्ता सरकारचा. कंपनीनं तो बांधला किंवा रुंद केला, आणि बदल्यात तिला ठरावीक वर्षं टोल गोळा करण्याचा हक्क मिळाला. तिच्या ताळेबंदात खडी-डांबर नसतं; हा हक्क असतो. हक्कावर खड्डे पडत नाहीत, तो फक्त दर वर्षी एक वर्षानं कमी होतो. समजा अशा हक्कावर १००० कोटी खर्च झाले आणि मुदत २० वर्षं आहे. समान वाटणी केली तर वर्षाला ५० कोटी. प्राप्तिकरात हा खर्च कसा धरायचा यावर बरीच भांडणं झाली. रस्ता मालकीचाच नाही तर घसारा कशाचा, असं खातं म्हणायचं. एप्रिल २०१४ च्या परिपत्रकानं तोडगा काढला: हक्काच्या मुदतीवर समान वाटा. कंपनीच्या पुस्तकात मात्र टोलच्या उत्पन्नाच्या अंदाजाप्रमाणं वाटण्याचीही सोय ठेवली गेली, म्हणजे सुरुवातीला गाड्या कमी तर झीजही कमी. शेवटच्या वर्षांत सगळी मुंबई कोल्हापूरला निघेल, अशी आशा या अंदाजात असते.

यापेक्षा अवघड प्रकार नावाचा. भिलवडीला १९३९ साली चितळे डेअरी सुरू झाली. त्या नावाची किंमत काय, हे कुठल्याही किराणा दुकानदाराला विचारा. पण स्वतः कमावलेलं नाव स्वतःच्या ताळेबंदात मालमत्ता म्हणून लिहिता येत नाही, असा नियम आहे. आपलं कौतुक आपण करू नये, ही मराठी शिकवण लेखाशास्त्रानं इतकी मनावर घेतली असेल असं वाटलं नव्हतं. नाव विकत घेतलं तरच ते मालमत्ता होतं. एका कंपनीनं दुसरी घेताना इमारती, यंत्रं, येणी यांच्या वर जी जास्तीची रक्कम मोजली ती 'गुडविल' म्हणून बसते.

ही गुडविल झिजते का? इथं विद्वानांत एकमत नाही. जुन्या लेखामानकाप्रमाणे विलीनीकरणातली गुडविल साधारण पाच वर्षांत उतरवायची. मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या नव्या मानकाप्रमाणे ती झिजत नाही, फक्त दर वर्षी तपासायची. प्राप्तिकरात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये सांगितलं की गुडविलवर घसारा मिळतो, आणि २०२१ मध्ये संसदेनं कायदाच बदलून सांगितलं की मिळत नाही. नवशिक्यानं या भांडणात पडू नये. फक्त एवढं बघावं, की मोठा आकडा 'गुडविल' म्हणून वर्षानुवर्षं तसाच आहे आणि विकत घेतलेला धंदा मात्र तोट्यात चालला आहे, असं तर नाही ना.

पाचवी पायरी: जे झिजत नाही ते

जमीन झिजत नाही. हा लेखाशास्त्राचा सर्वमान्य नियम आहे. इमारतीला घसारा, तिच्या खालच्या जागेला नाही. नियम करणाऱ्यांना वाळवा, मिरज, पलूस तालुक्यांतल्या कृष्णाकाठची रानं दाखवावीत असं फार वाटतं. एकेकाळची काळी कसदार जमीन. ऊस, पाणी, आणखी पाणी, निचरा नाही, आणि वर पांढरा थर. क्षारपड. ज्या शिवारात उसाची कांडी मनगटाएवढी यायची तिथं आता लव्हाळा. ताळेबंदात ती जमीन मात्र खरेदीच्या किमतीला, पैसाही कमी न होता, बसू शकते. डोंगरावरची पवनचक्की एका वर्षात झिजली आणि नदीकाठची जमीन कधीच झिजत नाही: या दोन वाक्यांवर एकाच देशानं सही केली.

बैलालाही घसारा नाही. प्राप्तिकरात 'यंत्रसामग्री' या शब्दात जहाजं येतात, वाहनं येतात, पुस्तकंसुद्धा येतात. चहाची झुडपं आणि जनावरं मुद्दाम वगळली आहेत. धंद्यात वापरलेलं जनावर मेलं किंवा कायमचं निकामी झालं तरच त्याची किंमत, कातडं-मांसाचे आलेले पैसे वजा करून, खर्चात घेता येते. खरसुंडीच्या यात्रेत घेतलेला खिलार दर वर्षी म्हातारा होतो, पण कायद्याच्या नजरेत तो शेवटच्या दिवसापर्यंत तरणाबांड आणि मग एकदम नाही. बैलाच्या दृष्टीनं हा बहुमान आहे.

उलट, तासगावकडं कंपनीची द्राक्षबाग असेल तर नव्या मानकात वेल झिजतो, पण घड झिजत नाही. वेल वर्षानुवर्षं फळ देतो, म्हणून तो यंत्राच्या रांगेत. घड विकायचा, म्हणून तो मालाच्या रांगेत. उसातसुद्धा खोडव्याला फूट देणारा बुडखा यंत्रात धरतात आणि वर डुलतो तो पीक. शेतकऱ्याला हा फरक माहीत असतो. त्याच्यावर बुडख्याचा घसारा मोजायची वेळ आलेली नाही, एवढंच.

आणि एक झीज अशी, जी वर्षांत मोजता येत नाही. हरिपूरला हळद साठवायची पेवं होती, जमिनीखालची, पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली. २००५ च्या महापुरात त्यांतली बहुतेक निकामी झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं आणि सांगलीच्या पेठेतली गोदामं बुडाली. ज्या यंत्राचं आयुष्य पुस्तकात अजून नऊ वर्षं शिल्लक होतं ते एका रात्रीत चिखलात गेलं, तर 'दर वर्षी एक नवमांश' म्हणत बसता येत नाही. ती रक्कम त्याच वर्षी एकदम उतरवायची. अहवालात तिला मूल्यऱ्हास किंवा इम्पेअरमेंट म्हणतात. घसाऱ्यात वेळापत्रक असतं, याच्यात पंचनामा.

सहावी पायरी: सभेला जाणे

शिदोरी सोबत घ्यावी. पुढं, माईकजवळ बसावं. 'मंजूर' म्हणणारे मागं बसतात आणि त्यांचा आवाज पोचायच्या आत तुमचा पोचला पाहिजे. फार विचारू नये. यंत्रसामग्रीच्या तक्त्यात दोन आकडे शोधावेत: मूळ खरेदी किंमत आणि आजवरचा साठलेला घसारा. मूळ किंमत २०० कोटी आणि साठलेला घसारा १५० कोटी असेल, तर पुस्तकाप्रमाणे कारखाना पाऊणभर म्हातारा आहे. मग गेल्या पाच वर्षांचा घसारा आणि त्याच पाच वर्षांत घेतलेली नवी यंत्रं यांच्या बेरजा शेजारी लिहाव्यात. घसारा ६० कोटी आणि नवी यंत्रं १५ कोटी असतील तर विचारावं, "साहेब, मधले पंचेचाळीस कोटी कुठं गेले?" उत्तर चांगलंही असू शकतं. कर्ज फिटलं असेल, किंवा जुनी यंत्रं खरोखर दणकट असतील. कुपवाडच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये पुस्तकात १ रुपया उरलेला लेथ आजही मालकाच्या मुलाची फी भरत असतो. पण उत्तर "तांत्रिक बाब आहे, नंतर ऑफिसात या" असं आलं, तर ऑफिसात खरंच जावं. चहा मिळतो, आणि अकाउंटंट सभेपेक्षा तिथं मोकळा बोलतो.

स्वाध्याय

१. एका पवनचक्कीला करखात्यानं २००० साली पूर्ण झिजलेली म्हटलं. ती अजून फिरते आहे. खोटं कोण बोललं: खातं, कंपनी की वारा? कारणं द्या.

२. बारा मोटेच्या विहिरीचा सरळ रेषेच्या पद्धतीनं घसारा काढा. मोटा नसल्यास किती फरक पडेल?

३. तात्यांच्या प्रश्नाला पाच ओळींत उत्तर द्या. 'तांत्रिक बाब' हे शब्द वापरल्यास गुण कापले जातील.

४. क्षारपड जमिनीचा घसारा कुणाच्या खात्यावर टाकावा: कारखान्याच्या, पाटबंधाऱ्याच्या की शेतकऱ्याच्या? (हा प्रश्न ऐच्छिक आहे. गेली चाळीस वर्षं कुणी सोडवलेला नाही.)

उत्तरं पुढच्या वार्षिक सभेत, विषयपत्रिकेवरच्या शेवटच्या विषयात: मा. अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणारे विषय.